सहा महिने बंद असलेल्या केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या: हंता विषाणूच्या दृष्टीने साफसफाई नेमकी कशी करावी?

प्रश्न: पाइनवाट

कोलोरॅडोच्या डोंगरात एक लाकडी केबिन आहे. ऑक्टोबरअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत ती पूर्ण बंद होती. ओट्याखालच्या कपाटात, पलंगाच्या गादीवर आणि पोटमाळ्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या आहेत. कोपऱ्यात कापूस आणि कागदाचे तुकडे जमवून केलेलं एक घरटंही आहे. जूनमध्ये नाशिकहून आईवडील येणार आहेत, त्याआधी हे स्वच्छ करायचं आहे. २०२५मध्ये सांता फे इथे बेट्सी अराकावा (अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी) यांचा मृत्यू हंता विषाणूने झाल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. प्रश्न असे:

१. हा विषाणू माणसात नेमका कसा शिरतो? चावल्याशिवायही होतो का?
२. लेंड्या जुन्या, वाळलेल्या असतील तर धोका संपलेला असतो का?
३. साफ करताना काय वापरावं, किती प्रमाणात, कोणत्या क्रमाने?
४. गावाकडच्या घरातल्या माळ्यावर उंदीर असतातच. तिथेही हाच धोका आहे का?

---

सूक्ष्मजीव_कट्टा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नीट समजला की बाकीची उत्तरं आपोआप पटतात.

तुमच्या भागात हा विषाणू बाळगणारा प्राणी म्हणजे डिअर माऊस. पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, डोळे आणि कान मोठे. शेपटी वरून गडद, खालून पांढरी. आपल्या घरात दिसणारा राखाडी उंदीर वेगळा. त्याचं पोट असं पांढरंशुभ्र नसतं आणि शेपटीवर केस जवळजवळ नसतात. डिअर माऊसला या विषाणूने काही होत नाही. तो आजारी दिसत नाही, मरत नाही, आणि एकदा लागण झाली की आयुष्यभर मूत, लेंड्या आणि लाळेतून विषाणू टाकत राहतो. उंदरांची आपसात मारामारी होते, चावाचावी होते, त्यातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

माणसाला चावल्याने लागण होऊ शकते, पण ते क्वचित. खरा मार्ग श्वासाचा. मूत आणि लेंड्या सुकतात, त्यांची भुकटी होते, ती धुळीत मिसळते. कुणी केरसुणी फिरवली, गादी झटकली किंवा व्हॅक्यूम लावला की ती हवेत उडते आणि थेट फुप्फुसात जाते. म्हणजे उंदीर समोर असण्याचीही गरज नसते. बहुतेक माणसांनी उंदीर पाहिलेला नसतो, फक्त कोंदट खोली झाडलेली असते. लेंड्यांना हात लावून तोच हात तोंडाला, नाकाला किंवा डोळ्याला लावणं हा दुसरा मार्ग, आणि उंदीर फिरलेलं अन्न खाणं हा तिसरा.

१९९३च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि यूटा जिथे मिळतात त्या फोर कॉर्नर्स भागात धडधाकट तरुण माणसं काही दिवसांत श्वास कोंडून मरू लागली, तेव्हा हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. आधी एल निन्योमुळे भरपूर पाऊसपाणी झालं होतं, पिन्यॉन पाइनच्या बिया अमाप आल्या होत्या आणि उंदीर प्रचंड वाढले होते. तिथल्या नव्हाहो या आदिवासी जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी शास्त्रज्ञांना सांगितलं की १९१८ आणि १९३३ सालीही असंच झालं होतं. त्यांच्या परंपरेत उंदराला घरापासून आणि अन्नापासून लांब ठेवण्याचा दंडक आहे, आणि तो किती नेमका होता हे नंतर सगळ्यांना कळलं. विषाणूला आधी तिथल्या एका दरीचं नाव द्यायचं ठरत होतं. स्थानिकांनी हरकत घेतली, म्हणून शेवटी नाव पडलं 'सिन नोम्ब्रे', स्पॅनिशमध्ये 'निनावी'.

आजार दुर्मीळच आहे. १९९३पासून २०२२ अखेरपर्यंत संपूर्ण अमेरिकेत ८६४ रुग्णांची नोंद आहे. पण फुप्फुसं धरली गेली की दर १०० रुग्णांत सुमारे ३८ दगावतात. शक्यता कमी आणि किंमत फार मोठी, असं हे गणित आहे. म्हणून घाबरून केबिन विकायची गरज नाही, पण झाडू मात्र हातात घ्यायचा नाही.

---

लोणावळा_ते_लव्हलँड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. साध्या तापमानाला हा विषाणू दोनतीन दिवसच टिकतो, उन्हात त्याहून कमी. सहा महिने बंद घरातल्या लेंड्या निरुपद्रवी झालेल्या असणार.

---

सूक्ष्मजीव_कट्टा

इथे थांबवतो, कारण याच समजुतीने माणसं बेसावध होतात. दोनतीन दिवस हा आकडा साध्या तापमानाचा आहे. थंडीत विषाणू जास्त टिकतो, गोठलेल्या अवस्थेत तर आणखी जास्त, आणि कोलोरॅडोच्या डोंगरातली बंद केबिन हिवाळाभर शीतकपाटच असते. युरोपातल्या पुमाला या भावंड विषाणूवरच्या प्रयोगात साध्या तापमानाला ठेवलेला दूषित भुसाही १२ ते १५ दिवसांपर्यंत निरोगी उंदरांना लागण करत होता.

दुसरं, केबिन माणसांसाठी बंद होती, उंदरांसाठी नाही. सहा महिन्यांपूर्वीची लेंडी आणि काल रात्रीची लेंडी शेजारी शेजारी पडलेल्या असतात. बघून वय ठरवता येत नाही. सगळं ताजं आणि सगळं दूषित आहे असं धरूनच काम करायचं.

---

फडकं_बादली

तिसऱ्या प्रश्नाचं सविस्तर लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी फटी बुजवा, मग उंदीर पकडा, मग साफ करा. लोक उलट करतात. घासूनपुसून लख्ख करतात आणि चार दिवसांत पुन्हा लेंड्या.

फटी. सहा मिलीमीटरच्या भोकातून उंदीर आत येतो. पेन्सिल शिरली की उंदीर शिरला समजा. सिंकखाली जिथे पाइप भिंतीत जातो ती जागा, शेगडीमागची भिंत, कपडे वाळवायच्या यंत्राची बाहेरची नळी, धुराड्याभोवतीची फट, छप्पर भिंतीला मिळतं ती कड. बारीक भोकात तारेची घासणी कोंबून वर सीलंट भरा. नुसता फोम मारू नका, तो उंदीर एका रात्रीत कुरतडतात. मोठ्या भगदाडाला पाव इंची जाळी किंवा सिमेंट.

सापळे. साधा लाकडी चाप. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला घासून चालतो. शेंगदाण्याचं बटर वाटाण्याएवढंच लावा. जास्त लावलं तर चाप न उडवता चाटून जातो. चिकट पाटी आणि जिवंत पकडायचा पिंजरा इथे वापरू नका. अडकलेला उंदीर घाबरून मुततो, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. सापळे रोज बघा. सलग आठवडाभर एकही सापडला नाही की आतले संपले असं धरता येतं, आणि तेवढ्या दिवसांत आधीच्या घाणीतला विषाणूही बऱ्यापैकी निकामी होतो.

हवा. साफसफाईच्या दिवशी समोरासमोरची दारंखिडक्या उघडा आणि बाहेर निघून जा. किमान ३० मिनिटं आत यायचं नाही. पंखा किंवा हीटरचा ब्लोअर लावू नका, तो धूळ फिरवतो.

द्रावण. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी. १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी म्हणजे एक लिटर. चारेक लिटरची बादली करायची तर सुमारे ४०० मिली ब्लीच लागतं. त्याच दिवशी करा, कालचं वापरू नका, ब्लीचचा जोर उतरतो. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव किंवा कुठलंही आम्ल त्यात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. लाकडी जमिनीचा रंग जाईल अशी भीती असेल तर दुकानातलं तयार जंतुनाशक चालेल, पण बाटलीवर जितका वेळ ओलं ठेवायला सांगितलंय तितका वेळ ठेवा. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, त्यामुळे ब्लीच, साबण, अल्कोहोल सगळ्यांनी तो मरतो. मारणं अवघड नाही. मरेपर्यंत धूळ न उडवणं हेच काय ते कठीण.

काम. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे. फवाऱ्याची तोटी अगदी हलकी ठेवा. जोरात मारलात तर धारेनेच धूळ उडते. लेंड्या, मुताचे डाग, घरटं चिंब भिजवा. ५ मिनिटं घड्याळ लावून थांबा. इथेच सगळे घाई करतात. वरून ओलं दिसतं पण घरट्याच्या आतला कापूस कोरडाच असतो, म्हणून घरटं ओलं झाल्यावर पुन्हा एकदा भिजवा. मग कागदी टॉवेलने टिपून घ्या, पिशवीत टाका, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि मग झाकणाच्या कचराकुंडीत. त्यानंतर संपूर्ण जमीन, ओटा, कपाटाचे खण त्याच द्रावणाने पुसा. मेलेल्या उंदरालाही हेच: भिजवा, ५ मिनिटं थांबा, दुहेरी पिशवी.

शेवटी हातमोजे हातात असतानाच साबणाने किंवा द्रावणाने धुवा, मग काढा, मग उघडे हात साबणाने धुवा.

---

पाइनवाट

खूप आभार, ताई. गादी आणि सोफ्यावर ब्लीच मारता येणार नाही. आणि एन९५ मास्क पुरेल का? हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आहे, तो पोटमाळ्यावर वापरला तर?

---

फडकं_बादली

गादीवर घरटं झालं असेल किंवा मूत आत मुरलं असेल तर भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टाकून द्या. वरवर दोनचार लेंड्या असतील तर जंतुनाशकाने भिजवून टिपा आणि मग वाफेने किंवा शाम्पूने स्वच्छ करा. चादरी, उशांचे अभ्रे हातमोजे घालून उचला, झटकू नका, गरम पाण्यात नेहमीच्या साबणाने धुवा आणि यंत्रात पूर्ण वाळवा किंवा उन्हात घाला. पुस्तकं, कागद ओले करता येत नाहीत; ते बाहेर उन्हात काही तास पसरून ठेवा, मग हातमोजे घालून जंतुनाशकाच्या ओलसर फडक्याने पुसा. भांडी, ताटल्या सगळ्या धुवायच्या, कपाट बंद होतं असं दिसलं तरी. उघडी राहिलेली डाळ, पीठ, बिस्किटं टाकून द्या.

व्हॅक्यूम नको. हेपाची चाळणी चांगली असेल, पण नळीचं तोंड लेंडीला लागतं तिथे धूळ आधी उडते आणि मग ओढली जाते. शिवाय पिशवी रिकामी करताना तीच भुकटी पुन्हा तोंडासमोर. सगळं भिजवून, पुसून, वाळल्यावर मग हवा तर फिरवा.

---

श्वसन_विभाग

मास्कबद्दल. चारदोन लेंड्या, मोकळी हवा, ओली पद्धत असेल तर हातमोजे हेच मुख्य. एन९५ घातलात तर चांगलंच. पण तुमचा पोटमाळा वेगळा आहे. बंदिस्त, डोक्याजवळ छप्पर, इन्सुलेशनमध्ये (उबेसाठी घातलेल्या भरावात) घरटी. तिथे पी१०० चाळणीचा (एन९५हून बारीक गाळणारा) अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर, बंद चष्मा आणि टाकून देता येईल असा अंगभर झगा हवा. दाढी असेल तर कोणताही रेस्पिरेटर कडेने गळतो, त्यामुळे दाढी काढा किंवा ते काम दुसऱ्याला द्या. इन्सुलेशनभर घाण असेल तर ते उपसण्याचं काम व्यावसायिकांचंच.

इन्सुलेशनकडे दुर्लक्ष का करू नये याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं. २०१२च्या उन्हाळ्यात तिथे १० पर्यटकांना हंताची लागण झाली, तिघे दगावले. बहुतेक जण करी व्हिलेजमधल्या दुहेरी भिंतींच्या नव्या तंबूंत राहिले होते. दोन भिंतींच्या मध्ये उबेसाठी फोम भरला होता आणि उंदरांनी त्यातच घरटी केली होती. वरून खोली स्वच्छ होती.

आता लक्षणं, आणि हा भाग आईवडिलांसाठी लिहून ठेवा.

लागणीनंतर लक्षणं दिसायला १ ते ८ आठवडे लागतात. सुरुवात ताप, प्रचंड थकवा आणि मोठ्या स्नायूंच्या दुखण्याने होते: मांड्या, कंबर, पाठ, खांदे. जोडीला डोकेदुखी, मळमळ, पोटदुखी. सर्दी किंवा घसादुखी सहसा नसते. ४ ते १० दिवसांनी खोकला आणि धाप लागते, आणि तिथून काही तासांत परिस्थिती बिघडू शकते. केशवाहिन्या गळू लागतात आणि फुप्फुसात पाणी भरतं. विषाणूवर खात्रीचं औषध नाही. उपचार म्हणजे अतिदक्षता विभाग, प्राणवायू, गरज पडली तर एक्मो (शरीराबाहेरच्या यंत्राने रक्तात प्राणवायू मिसळणं). सलाईन सढळ हाताने दिलं तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून निदानाचा संशय आधीच असणं जीव वाचवतं.

८ आठवडे म्हणजे तोपर्यंत आईवडील नाशिकला परतलेले असतील. जुलै-ऑगस्टमध्ये ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, रक्त घट्ट झालेलं, हा अहवाल पाहून आपल्याकडचा कोणताही डॉक्टर डेंग्यूच म्हणेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असेल. पण डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं: "आम्ही अमुक तारखेला अमेरिकेत डोंगरातल्या उंदीर असलेल्या घरात राहिलो होतो." हे वाक्य सांगितल्याशिवाय भारतात हंताचा विचार कुणाच्या मनात येणार नाही. नमुना कुठे पाठवायचा ते डॉक्टर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला विचारू शकतात. लक्षणांच्या पहिल्या ७२ तासांत चाचणी नकारात्मक आली तरी ती पुन्हा करावी लागते.

सिन नोम्ब्रे माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाची सेवा करायला घाबरू नका. याला अपवाद दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू. अर्जेंटिनाच्या एपुयेन गावात २०१८-१९मध्ये तो माणसांमाणसांत पसरला, ३४ रुग्ण झाले आणि ११ मृत्यू. तिथल्या पॅटागोनिया भागात ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

---

श्टुटगार्टकर

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी पुरवणी. इथे पुमाला विषाणू आहे आणि तो तांबूस पाठीचा बँक व्होल हा जंगली उंदीर बाळगतो. श्टुटगार्टच्या दक्षिणेचा श्वेबिशे आल्ब हा ठळक भाग. ज्या वर्षी बीच झाडांना भरपूर बिया येतात त्याच्या पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि रुग्णही. लागण होते ती लाकडाची वखार, बागेतली खोपटी, गॅरेज झाडताना. हिवाळ्यासाठी सरपण हलवण्याआधी वखार उघडून हवा खेळू द्या आणि जमीन भिजवून घ्या.

हा आजार फुप्फुसाऐवजी मूत्रपिंड धरतो. अचानक ताप, कंबरेत तीव्र दुखणं, कधी दोनतीन दिवस अंधुक दिसणं, लघवी कमी होणं आणि नंतर एकदम वाढणं. मृत्यू एक टक्क्याहून कमी, पण काही जणांना थोडे दिवस डायलिसिस लागतं. कंबरदुखीवर आयबुप्रोफेन घेऊ नका, मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

---

घूस_आणि_चिचुंद्री

चौथा प्रश्न राहिला. गावाकडच्या माळ्यावर डिअर माऊस नाही, तो उत्तर अमेरिकेचाच. प्रत्येक हंता विषाणूची आपल्या ठराविक प्राण्याशी गाठ बांधलेली असते आणि तो प्राणी जिथे राहतो तिथेच तो आजार.

भारताचा या विषाणूंशी संबंध मात्र जुना आहे. १९६४ साली वेल्लोरला चिचुंद्रीतून थोट्टपालयम नावाचा विषाणू वेगळा केला गेला. कोरियातल्या ज्या हंतान विषाणूवरून या सगळ्या कुळाला नाव मिळालं, तो डॉ. ली हो-वांग यांनी १९७६मध्ये शोधला, म्हणजे वेल्लोरचा त्याच्या आधीचा. चिचुंद्री हा उंदीर नव्हेच, तिचं कूळ वेगळं, आणि तिच्या विषाणूने माणसाला गंभीर आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. बंदरांमधल्या मोठ्या तपकिरी उंदरांबरोबर याच कुळातला सोल विषाणू जगभर पोहोचला आहे, एवढं मात्र खरं.

महाराष्ट्रात उंदराच्या मुतामुळे होणारा खरा नेहमीचा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. तो जिवाणूचा, विषाणूचा नव्हे. तिथे मार्ग धुळीचा नसून पाण्याचा: पायाला जखम आणि साचलेलं पाणी. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण एकदम वाढले होते. पायात गमबूट, जखमेवर पट्टी, आणि पाण्यातून चालावं लागलंच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लीन.

विषाणूचं म्हणाल तर कोकणात माकडतापाकडे बघा. क्यासनूर जंगलातला हा विषाणू शिमोग्यात १९५७ साली सापडला. २०१५मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला काजूच्या हंगामात रुग्ण आले. जंगलात तो उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडांमध्ये फिरत राहतो, माणसाला मात्र मुख्यतः गोचीड चावून होतो. त्यामुळे तिथे ब्लीच काही कामाचं नाही. अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारं तेल, आणि बागेतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासणं हेच उपाय.

तरीही माळा झाडण्याची पद्धत बदलाच. खिडकी उघडा, साबणाचं पाणी शिंपडा, मग पुसा.

---

फडकं_बादली

एक राहून गेलं. केबिनमध्ये कुणी गरोदर असेल तर तिला या कामात अजिबात घेऊ नका. साध्या घरातल्या राखाडी उंदरात एलसीएमव्ही नावाचा वेगळाच विषाणू असतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. तो पाळलेल्या हॅमस्टरकडूनही येतो, म्हणून गरोदरपणात पिंजरा दुसऱ्या कुणी, शक्यतो घराबाहेर नेऊन साफ करावा.

आणि केबिनजवळ गाडी किंवा कॅम्पर हिवाळाभर उभा असेल तर चावी फिरवण्याआधी बॉनेट आणि सगळी दारं उघडून २०-३० मिनिटं हवा लागू द्या. डॅशबोर्डमागची केबिन एअर फिल्टरची जागा उंदरांची आवडती आहे. तिथे घरटं असताना ब्लोअर लावला तर सगळी भुकटी थेट तोंडावर येते. फिल्टर भिजवून काढा, पिशवीत टाका, नवा बसवा. सरपणाचा ढीग घरापासून ३० मीटर लांब आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच फळ्यांवर रचा, आणि पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं व्हरांड्यातून हलवा.